इंग्रजी वाक्याची दोन अंगे : उद्देश्य आणि विधेय

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेकडे गेला, की बहुतेक ठिकाणी पदार्थविज्ञानाचे इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती येते. एखादा शब्द अडला, तर कोश पाहता येतो. पण सगळ्या शब्दांचे अर्थ ठाऊक असूनही वाक्याचा अर्थ चुकला, तर कोश काय करणार? रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केलेला वायूंविषयीचा नियम घ्या. इंग्रजीत तो असा लिहिता येईल :

'द प्रेशर ऑफ अ फिक्स्ड मास ऑफ गॅस ॲट कॉन्स्टंट टेंपरेचर इज इन्व्हर्सली प्रपोर्शनल टु इट्स व्हॉल्यूम.'

येथे आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात काय असते? घाईने वाचणारा विद्यार्थी 'इज'च्या अगदी मागचा शब्द उचलतो आणि लिहितो, 'तापमान आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असते.' आता गंमत पाहा : ज्या तापमानाला त्याने बदलायला लावले, ते वाक्यातच 'कॉन्स्टंट', म्हणजे स्थिर, असल्याचे सांगितले आहे! पुढचे सूत्र चुकते, उदाहरणही चुकते. चूक मात्र पदार्थविज्ञानाची नसते, वाक्य वाचण्याची असते.

उद्देश्य म्हणजे काय?

प्रत्येक वाक्यात आपण कशाविषयी तरी काही तरी सांगतो. ज्याविषयी सांगतो ते उद्देश्य. इंग्रजी व्याकरणात त्याला सब्जेक्ट म्हणतात. त्याच्याविषयी जे सांगतो ते विधेय, म्हणजेच प्रेडिकेट. 'आयर्न रस्ट्स' या दोनच शब्दांच्या वाक्यात 'आयर्न' हे उद्देश्य आणि 'रस्ट्स' हे विधेय.

उद्देश्य म्हणजे क्रिया करणारा, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय द बॉल' या वाक्यात फोडण्याची क्रिया चेंडूने केली, पण उद्देश्य आहे 'द ग्लास', कारण वाक्य काचेविषयी सांगते. 'द वॉटर इज हीटेड' या वाक्यात तर पाणी तापवणारा कोण, याचा उल्लेखच नाही. प्रयोगांच्या वर्णनात अशी वाक्ये पानोपानी भेटतात. तेथे 'करणारा कोण?' असे विचारत बसलात, तर उद्देश्य हाती लागणार नाही.

मराठीची सवय कोठे आड येते?

'चेंडूने काच फोडली' म्हणा किंवा 'काच चेंडूने फोडली' म्हणा; 'ने' हा प्रत्यय चेंडूला चिकटलेला असल्यामुळे अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'द बॉल ब्रोक द ग्लास' यातील दोन नामांची अदलाबदल करून पाहा. 'द ग्लास ब्रोक द बॉल', म्हणजे काचेनेच चेंडू फोडला! मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. 'आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश पडद्यावर पडतो' या वाक्यात प्रकाशाचे सारे वर्णन आधी येते आणि 'प्रकाश' हे मुख्य नाम त्याच्या शेवटी येते. इंग्रजीत हाच क्रम बहुधा उलटा होतो : 'द लाइट रिफ्लेक्टेड फ्रॉम द मिरर फॉल्स ऑन द स्क्रीन.' येथे 'लाइट' आधी आणि लांबलचक वर्णन मागून. मराठी वाचकाचे मन मुख्य नाम वर्णनाच्या शेवटी शोधते आणि तेथे त्याला 'मिरर' सापडतो. बॉइलच्या नियमात 'टेंपरेचर' सापडले, ते याच सवयीमुळे.

तीन कसोट्या

अंदाजावर विसंबू नका. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो आणि दुसरी काय बदलते ते पाहतो. वाक्यावरही तसाच प्रयोग करता येतो.

पहिली कसोटी : काळ बदला. वरचे वाक्य भूतकाळात लिहा. 'फॉल्स'चे 'फेल' झाले, पण 'रिफ्लेक्टेड' जसेच्या तसे राहिले. म्हणजे या वाक्याचे मुख्य क्रियापद 'फॉल्स' आहे; 'रिफ्लेक्टेड' हा केवळ प्रकाशाच्या वर्णनाचा भाग आहे.

दुसरी कसोटी : वाक्याचा प्रश्न करा. बॉइलच्या वाक्याचा प्रश्न करताना 'इज' उडी मारून आरंभी जाते. ज्या शब्दसमूहावरून त्याने उडी मारली, तो सगळा समूह म्हणजे उद्देश्य : 'द प्रेशर'पासून 'टेंपरेचर'पर्यंत. वाक्यात 'इज', 'आर', 'कॅन' यांसारखे क्रियापद नसेल, तर आरंभी 'डू', 'डज' किंवा 'डिड' येते. 'डज द लाइट रिफ्लेक्टेड फ्रॉम द मिरर फॉल ऑन द स्क्रीन?' यात 'डज' आणि 'फॉल' यांच्यामध्ये जे सापडले, ते उद्देश्य.

तिसरी कसोटी : संख्या बदला. उद्देश्य लांब असेल, तर त्यातील मुख्य नाम कोणते? 'द टेंपरेचर ऑफ द गॅस इज हाय' यात 'गॅस'चे 'गॅसेस' करा. 'इज' हलत नाही. 'टेंपरेचर'चे 'टेंपरेचर्स' करा. लगेच 'आर' लिहावे लागते. क्रियापद ज्याच्या तालावर चालते, ते मुख्य नाम. 'ऑफ', 'ॲट', 'इन', 'फ्रॉम' अशा अव्ययांना जोडून आलेले नाम येथे मुख्य नाम नसते, ही खूणही ध्यानात ठेवा.

आता बॉइलचा नियम पुन्हा वाचा. 'मास', 'गॅस' आणि 'टेंपरेचर' यांच्या आधी 'ऑफ' किंवा 'ॲट' आहे. उरले ते 'प्रेशर'. म्हणजे आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो तो दाब. मग मधले शब्द निरर्थक समजायचे काय? मुळीच नाही. वायूचे वस्तुमान ठरावीक हवे आणि तापमान स्थिर हवे, या नियमाच्या अटी त्या शब्दांतच आहेत. मुख्य नाम सांगते, नियम कशाविषयी आहे. त्यामागचे वर्णन सांगते, तो कोणत्या अटींवर लागू पडतो.

काही फसवी वाक्ये

'हीट', 'चार्ज', 'मेजर' हे शब्द नामही असतात आणि क्रियापदही. 'हीट फ्लोज फ्रॉम अ हॉट बॉडी टु अ कोल्ड बॉडी' यात 'हीट' हे उद्देश्य आहे. 'हीट द टेस्ट ट्यूब' यात मात्र तेच क्रियापद आहे. ही आज्ञा असल्यामुळे 'यू' हे उद्देश्य अध्याहृत आहे.

'ॲट नॉर्मल प्रेशर प्युअर वॉटर बॉइल्स ॲट १०० डिग्रीज सेल्सियस' यात आरंभीचे तीन शब्द उद्देश्याचे नाहीत. प्रश्न करून पाहा. 'डज' आणि 'बॉइल' यांच्यामध्ये 'प्युअर वॉटर' एवढेच येते.

'देअर आर टू लेन्सेस इन धिस मायक्रोस्कोप' यात दुसरी कसोटी फसवते, कारण 'आर' हे 'देअर'वरून उडी मारते. पण 'टू लेन्सेस'ऐवजी 'वन लेन्स' लिहा. 'आर'चे 'इज' होते. 'देअर'ने केवळ जागा धरली आहे, खरे उद्देश्य क्रियापदाच्या मागून आले आहे. म्हणून एकाच कसोटीवर थांबू नये.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. नियम फळ्यावर लिहिल्यावर सूत्राकडे वळण्यापूर्वी त्यातील उद्देश्य विद्यार्थ्यांकडून अधोरेखित करून घ्यावे. दोन मिनिटे जातील, पण नियम पाठ करण्याऐवजी तो वाचण्याची सवय लागेल.

स्वाध्याय

पुढील वाक्यांतील उद्देश्य, त्यातील मुख्य नाम आणि मुख्य क्रियापद ओळखा.

१. द करंट फ्लोइंग थ्रू द टू वायर्स प्रोड्यूसेस हीट.
२. ड्युरिंग अ सोलर इक्लिप्स द शॅडो ऑफ द मून फॉल्स ऑन द अर्थ.
३. मेजर द लेंग्थ ऑफ द पेंड्युलम.
४. द मास अँड द व्हॉल्यूम ऑफ द स्टोन आर मेजर्ड.

उत्तरे : (१) उद्देश्य 'द करंट'पासून 'वायर्स'पर्यंत, मुख्य नाम 'करंट', क्रियापद 'प्रोड्यूसेस'. (२) उद्देश्य 'द शॅडो ऑफ द मून'. मुख्य नाम 'शॅडो', क्रियापद 'फॉल्स'. (३) उद्देश्य 'यू', अध्याहृत, क्रियापद 'मेजर'. (४) उद्देश्य 'द मास'पासून 'स्टोन'पर्यंत. मुख्य नामे दोन, 'मास' आणि 'व्हॉल्यूम', म्हणून क्रियापद 'आर मेजर्ड'.