वीपिंग चेरी : फुलोरा ओसरताच कलमाची गाठ तपासा

न्यूआर्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये एप्रिलात चेरी फुलली, की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही परसात एखादी वीपिंग चेरी लावायचा बेत होतो. रोपवाटिकेतले हे झाड बहुधा कलमी असते: सरळ वाढणाऱ्या खुंटावर चार-सहा फुटांवर झुकत्या जातीचे कलम बांधलेले. आंबा-द्राक्षाची कलमे हाताळलेल्यांना इथला धोका लगेच कळेल. खुंटाला फूट आली की तीच जोर धरते आणि वरची जात मागे पडते.

निवड : गाठीला भेग किंवा डिंक असलेले झाड घेऊ नका. जागा कमी असेल तर 8 ते 15 फुटांची ‘स्नो फाउंटन्स’ घ्या. झुकती हिगन चेरी 20 ते 30 फूट वाढते. ती घरापासून दूर लावा.

लागवड : जमीन वाफशावर आल्यावर लावा. किमान सहा तास ऊन हवे. चिकण मातीत पाणी साचत असेल तर उंचवटा करा. खड्डा मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण हुंडीइतकाच खोल घ्या. आच्छादन दोन-तीन इंचांचे, बुंध्याला न टेकवता घाला. पहिली दोन वर्षे पावसाने ओढ दिली की खोलवर पाणी द्या.

छाटणी : पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. हिवाळ्यात छाटाल तर फुले गमवाल. म्हणून फुले गळताच, कोरड्या दिवशी छाटा. गाठीखालची प्रत्येक फूट बुडापासून काढा. गाठीच्या वर उभी आलेली फांदी मात्र राहू द्या. ती बहुधा पुढे आपोआप वाकते.

कीड-रोग : बुंध्याशी डिंकात भुसा दिसला तर खोडकिडा समजा. गवत कापण्याच्या यंत्राची जखम त्याला आयतेच निमंत्रण असते. फुले करपून फांदीवरच चिकटून राहिली तर ब्राउन रॉटचा संशय घ्या; तेवढा भाग निरोगी लाकडापर्यंत कापून नष्ट करा. जॅपनीज बीटल दिसले तर सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून टाका.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी हे रोप मागवू नये. चेरीची सुप्तावस्था मोडायला दीर्घ थंडी लागते. आपल्या मैदानी भागातला हिवाळा त्याला पुरत नाही.