बोटोला भेटायला जाशील तेव्हा

मझौली, जि. जबलपूर
वैशाख वद्य पंचमी

चि. चिऊस,


परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. जूनअखेर ब्राझीलमध्ये मानाउसला पोचायचं, सकाळी बोटीने निघायचं, दोन नद्यांचा संगम बघायचा, दुपारी गुलाबी डॉल्फिनांबरोबर पोहायचं आणि संध्याकाळी परत. तुझ्या आवाजातला आनंद अजून कानात आहे. नंतर तुझ्या आईचाही फोन आला, ‘तिला जरा समजाव’ म्हणून. मी तुला जाऊ नको म्हणणार नाही. कसं जावं, एवढंच सांगणार आहे. फोनवरचं बोलणं विसरायला होतं, पत्र उशाशी राहतं, म्हणून लिहायला बसले.

लहानपणी सुट्टीत तू इथे यायचीस तेव्हा विचारायचीस, ‘मावशी, आपल्या हिरन नदीत डॉल्फिन का नाहीत?’ हिरन नर्मदेला मिळते, आणि नर्मदेत ते कधीच नव्हते. शेजारच्या कटनी नदीचं पाणी मात्र सोन नदीतून गंगेला जातं. म्हणजे इथून थोडं उत्तरेला पडलेला पाऊस सोंसेच्या घरी पोचतो आणि आपल्या अंगणातला पोचत नाही. गंगेतल्या डॉल्फिनला इकडे सोंस म्हणतात. मला तिला बघायला भागलपूरला जावं लागलं. तिथे माझ्या हातून जे घडलं ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आम्ही चार शिक्षिका गेलो होतो. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. पहिल्या दिवशी आम्ही इंजिनाची बोट घेतली. कुठे पाणी हललं की बोट तिकडे वळायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, ओरडायचो. मी तर बिस्किटंसुद्धा फेकली. तासाभरात पाण्यावरच्या वर्तुळांखेरीज काही दिसलं नाही. आज ते आठवलं की जीव कासावीस होतो, कारण आपण काय करत होतो ते मला नंतर कळलं. सोंस जवळजवळ आंधळी असते. तिच्या डोळ्यांत भिंगच नसतं, उजेड आणि अंधार तेवढा उमगतो. गढूळ पाण्यात ती आवाज सोडते आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे, तळ किती खोल आहे, हे ओळखते. तिचं बघणं म्हणजे ऐकणं. इंजिनाचा तो खडखडाट तिला कसा वाटत असेल? आपल्या डोळ्यांवर कुणी झगझगीत दिवा रोखून धरावा, तसाच ना!

दुसऱ्या दिवशी पहाटे वल्ह्याची नाव केली. म्हाताऱ्या नावाड्याने ती मध्यावर नेली, वल्हं आडवं ठेवलं आणि म्हणाला, ‘पीछा मत कीजिए, दीदी. बैठिए. साँस लेने तो आएगी ही.’ आम्ही गप्प बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग नावेपासून चार हातांवर पाणी हललं. आधी चिमट्यासारखी लांब चोच, मग राखाडी, ओली, चकाकणारी पाठ, आणि ‘सूंऽऽ’ असा एक सुस्कारा. तिचं नाव त्या सुस्काऱ्यावरूनच पडलंय. क्षणभराचंच ते दर्शन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चिऊ, मला तुला सांगायचंय ते एवढंच. श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं. आपण तिथे शांतपणे असायचं. आपल्याकडे ‘दर्शन घेणं’ म्हणतात ते हेच. देव आपल्या जागी असतो, आपण रांगेत उभं राहतो. त्याला ओढून आपल्यापाशी आणत नाही.

आता तुझ्या बोटोविषयी, म्हणजे त्या गुलाबी डॉल्फिनविषयी. सोंसेसारखा तो आंधळा नाही. त्याला दिसतं. मानेचे मणके जुळलेले नसल्यामुळे तो मान वळवू शकतो. जूनमध्ये तिथली रिओ निग्रो नदी तुडुंब भरते. मानाउसला उन्हाळी आणि पावसाळी पातळीत साधारण दहा मीटरचा फरक पडतो, आणि काठचं जंगल पाण्यात बुडतं. तेव्हा बोटो झाडांच्या खोडांमधून, फांद्यांखालून मासे शोधत हिंडतो. नर वयात येतो तसा गुलाबी होत जातो. तिथले लोक सांगतात की उत्सवाच्या रात्री तो देखणा तरुण होऊन नाचायला येतो आणि डोक्यावरचं श्वासाचं भोक झाकायला टोपी घालतो.

अशा कथा सांगणाऱ्या मुलखातच पुढे त्याला मारून त्याचं मांस पिराकातिंगा नावाच्या माशासाठी आमिष म्हणून वापरलं जाऊ लागलं. अखेर २०१५ साली ब्राझीलने त्या माशाच्या मासेमारीवरच बंदी घातली. २०२३ च्या दुष्काळात तेफे तलावाचं पाणी ३९ अंशांच्या वर तापलं आणि काही आठवड्यांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मेले. चीनच्या यांगत्से नदीतली बायजी नावाची डॉल्फिन तर २००६ च्या शोधमोहिमेत एकही सापडली नाही. आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या गणतीत ६,३२७ नदी-डॉल्फिन मोजले गेले. त्यात मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून अवघे ९५. नदीतलं हे कूळ किती थोडं उरलंय, ते मनात ठेवून पाण्यात उतर.

‘डॉल्फिनबरोबर पोहणं’ म्हणतात ते बहुतेक ठिकाणी असं असतं: तराफ्यावर एक माणूस मासे घेऊन बसतो, मासा पाण्यावर धरतो, बोटो उसळी घेतो, आणि भोवतीचे लोक त्याला हात लावतात. त्याला हवा असतो तो मासा, आपली सोबत नव्हे. देवळाबाहेरच्या माकडांचं काय झालं ते तू पाहिलंयस. हातातून मिळायची सवय लागली की ती पिशवी ओढतात, चावतात, आपसात भांडतात. बोटोचंही तसंच होतं. तो अडीच मीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्या जबड्यात भरपूर दात असतात. ओरखडा निघाला की लोक त्यालाच दोष देतात.

म्हणून पैसे भरण्याआधी विचार: पाण्यात एका वेळी किती माणसं असतात? मासे कोण देतं? हात लावू देतात का? ‘हवं ते करा’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट शोध. नुसतं बघायला नेणारे नावाडी तिथेही असतील, वल्ह्याची होडी मिळाली तर उत्तमच. पाण्यात उतरलीस तर लाइफ जॅकेट घाल, अंगठ्या-बांगड्या काढून ठेव, त्याचा पर धरू नकोस, पिल्लू असेल तर मागे सर. शिवाय निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घे आणि तिचा दाखला पासपोर्टमध्येच ठेव. तो नसेल तर परतताना आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

आणि तो संगम नीट बघ. काळी निग्रो आणि मातकट सोलिमोइंस सुमारे सहा किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतात, मिसळत नाहीत.

नर्मदेच्या परकम्मावासींना पाहून तू एकदा मला विचारलं होतंस, ‘हे लोक नदी ओलांडत का नाहीत? पलीकडे जायला नाव आहे की!’ तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आज सांगते. महिनोन्महिने ते नदीच्या काठाने चालतात, तिला उजव्या हाताला ठेवतात, तिचंच पाणी पितात, पण तिला ओलांडत नाहीत. त्यांची माया त्या न ओलांडण्यात आहे. तूही बोटोला तेवढीच माया दे.

परत आलीस की फोटो मागाहून दाखव. आधी त्याचा श्वास कसा वाजतो ते मला करून दाखव.

तुझीच,
मावशी