रूपक कसे उलगडावे?

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी उघडा. सिद्धान्त अवघड आला, की ज्ञानोबाराय लगेच घरातला, शेतातला दाखला देतात. तो दाखला नीट कळावा म्हणून एवढी फोड करून ठेवू.

‘देव आईसारखा कनवाळू’ म्हटले, की ती उपमा. ‘सारखा’ हा शब्द दोघांना वेगळे ठेवतो. ‘विठ्ठल माउली’ म्हटले, की रूपक. तिथे दुजेपण उरत नाही.

आता नाथांच्या भारुडातला विंचू घ्या. तो काम-क्रोधाचा, म्हणून त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. साम्य विषाचे आणि वेदनेचे आहे, तेवढेच घ्यावे. विंचवाच्या आठ पायांचे आठ अर्थ काढीत बसलो, तर श्रोते हसतील खरे, पण उतारा विसरून घरी जातील!

अभंग रचणाऱ्यानेही हेच धोरण ठेवावे. रूपक एकच धरावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे. आज मोट बहुतेक गावांतून गेली. तिचे रूपक करायचे, तर आधी मोट समजावून सांगा. नाही तर सरळ पंपाचे करा की! श्रोत्याच्या हातातली वस्तूच त्याला देवाकडे नेते.

रूपक ही पंढरीची वाट आहे. वाटेवर विसावा घ्यावा, घर बांधू नये.

रामकृष्णहरी!