मोटारसायकलवरचे ओझे : पेटी की पिशवी?



मोटारसायकल घेताना आपण दहा जणांचा सल्ला घेतो. इंजिन किती सीसीचे, लिटरमागे किती धावते, हप्ता किती पडतो, याची चर्चा महिनाभर चालते. मात्र तिच्यावर सामान कशात भरावे आणि कोठे बांधावे, याचा विचार बहुधा निघायच्या दिवशी सकाळी होतो. आम्हीही तसेच केले आणि त्याची किंमत एका विद्यार्थ्याला मोजावी लागली. त्या चुकीतून जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहे.

शिरगावची सहल

डिचोली तालुक्यातील शिरगाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक श्रीदेवी लईराईची जत्रा. वैशाख शुद्ध पंचमीला भरणाऱ्या या जत्रेत व्रतस्थ धोंड हाती वेताची काठी घेऊन होमकुंडातून चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे गावाभोवतीच्या लोहखनिजाच्या खाणी. काही वर्षांपूर्वी भूशास्त्राचे काही विद्यार्थी आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मी असे बेळगावहून तेथे गेलो होतो. वाट नेहमीची : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली. वाहने म्हणजे दोन हिमालयन मोटारसायकली.

रीतसर परवानगी घेऊन खनिजाचे नमुने जमवले. ते एका मोटारसायकलच्या अगदी शेपटाला, कॅरिअरवर बसवलेल्या पेटीत भरले. पेटीपुढे एक विद्यार्थी बसला. परतताना डिचोलीत चहाला थांबलो. शेजारीच एक वयस्क मासळीविक्रेते आपल्या स्कूटरवरची बर्फाची पेटी आवळीत होते. आमच्या गाडीकडे पाहून ते म्हणाले, "वजें फाटीं बांदूं नाकात, सर. सकयल आनी फुडें जाय." म्हणजे ओझे मागे नको, खाली आणि पुढे हवे. आम्ही हसून मान डोलावली आणि तसेच निघालो.

चोर्ल्याच्या चढावर एका अवघड वळणात हँडल एकाएकी हलके लागू लागले, जणू पुढचे चाक रस्त्याला टेकतच नव्हते. वळणावर खडी पसरलेली होती. गाडी धीम्या गतीनेच आडवी झाली, परंतु मागे बसलेल्या विद्यार्थ्याचा घोटा मोडला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला आणि त्या सत्राची प्रात्यक्षिके बुडाली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला जे फळ्यावर येत होते, ते मासळी विकणाऱ्याला रस्त्यावर येत होते. मला मात्र रस्त्यावर ते आठवले नाही.

दुहेरी वापराची गाडी

डांबरी रस्त्यावर कायदेशीर चालणारी आणि कच्च्या वाटेवरही जाऊ शकणारी मोटारसायकल म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. आपल्याकडे २०१६ साली आलेली रॉयल एन्फील्डची हिमालयन आणि २०१९ साली आलेली हिरोची एक्सपल्स २०० या गाड्या त्या घडणीच्या आहेत. दोहोंचे पुढचे चाक २१ इंची, आणि जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. खड्डे ओलांडण्यासाठी ही उंची हवीच, पण त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. अशा गाडीवर उंच ओझे चढवणे म्हणजे उंच शिडीवर आणखी स्टूल ठेवण्यासारखे आहे.

आधी वजन, मग जागा

पहिला प्रश्न पेटी की पिशवी हा नसून वजन किती, हा आहे. गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार दिलेला असतो. त्यात चालक, मागचा माणूस, सामान आणि सामान धरणारा सांगाडा हे सारे मोजायचे असते. समजा, ही मर्यादा १६० किलो आहे. ७० आणि ६५ किलोची दोन माणसे, त्यांची हेल्मेटे, जाकिटे आणि बूट मिळून १० किलो धरले, तर उरतात फक्त १५ किलो. लोखंडी स्टँडसह अॅल्युमिनियमच्या दोन पेट्या रिकाम्याच सहज १२ ते १५ किलो भरतात. म्हणजे पेट्या लावल्या की त्यांत काही घालण्याची सोयच उरत नाही! कापडी सॅडलबॅगची जोडी तीन-चार किलोंत भागते.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नये. हेमॅटाइट हे खनिज पाण्याच्या पाचपट जड असते. पाच लिटरच्या छोट्या पिशवीत त्याचे खडे ठासून भरले तर मधल्या पोकळ्या वजा जाऊनही पंधरा किलोंच्या घरात भरतात. आमची पेटी अर्धीही भरलेली नव्हती, म्हणून ती आम्हाला हलकी वाटली होती. घरातील तराजूवर प्रत्येक पिशवी तोलून तिच्यावर वजन लिहून ठेवावे.

आता जागा. पहिल्या हिमालयनच्या दोन आसांमधील अंतर १४६५ मिलिमीटर होते. मागचा आस हा तरफेचा टेकू समजा. १५ किलोंचे ओझे आसाच्या ३०० मिलिमीटर मागे ठेवले, तर पुढच्या चाकावरचा भार

१५ × ३०० ÷ १४६५ = सुमारे ३ किलोंनी कमी होतो,

आणि मागच्या चाकावर १५ ऐवजी १८ किलो येतात. तेच ओझे आसाच्या २०० मिलिमीटर पुढे आणले, तर पुढच्या चाकावर सुमारे २ किलो वाढतात आणि मागच्यावर १३ च येतात. तीन किलो म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु चाक खड्ड्यात आपटते तेव्हा ओझ्याचा हिसका क्षणभर दुपटीहून अधिक होऊ शकतो. त्यात घाटाचा चढ आणि मागे बसलेला माणूस, दोन्ही पुढचे चाक हलकेच करतात. शिवाय गाडी वळवताना ओझे जितके मध्यापासून दूर, तितका त्याचा विरोध जास्त. अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट होतो.

उंचीचेही तसेच. गाडी दहा अंश कलली असता १.१ मीटर उंचीवरचे १५ किलो तिला जितक्या जोराने पाडू पाहतात, त्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश जोरानेच ७० सेंटिमीटर उंचीवरचे तेवढे ओझे पाडू पाहते. मासळीविक्रेत्याचे "सकयल आनी फुडें" म्हणजे हे सारे गणित चार शब्दांत झाले. ते स्वतः एकटेच बसत आणि पेटी पाठीला लागून सीटवर बांधीत. दूधवाल्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या किटल्याही हेच शिकवतात.

पेटी

पेटीचे गुण उघड आहेत. तिला कुलूप लागते, पाणी आत शिरत नाही आणि कॅमेरा किंवा नाजूक उपकरण सुरक्षित राहते. डांबरी रस्त्याने जाऊन गावोगावी मुक्काम करणाऱ्यास ती उत्तम. दोष कच्च्या वाटेवर दिसतात. तोल सावरायला पाय टेकवला आणि गाडी पुढे सरकली, तर बाजूच्या पेटीची कड पोटरीवर येते. गाडी पडली तर पेटीखाली पाय सापडू शकतो, आणि पेटी एकदा चेपली की झाकण नीट बसत नाही. रुंदीचाही विचार हवा. जत्रेच्या गर्दीत, अरुंद वाटेवर रुंद पेट्यांची गाडी नेऊच नये. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. गर्दीत हातभर जागेचे मोल किती असते, हे त्या गावाने पाहिले आहे. गाडी गावाबाहेर लावून चालत जाणे हेच योग्य.

सीटवर पेटी बसवण्याविषयी कायदाही आहे. २०२० साली दुरुस्त झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या माणसाच्या जागी पेटी ठेवली, तर गाडीवर चालकाखेरीज कोणी बसू शकत नाही.

पिशवी

कापडी सॅडलबॅग ही जुनीच कल्पना आहे. याच घाटांतून मीठ आणि धान्य नेणाऱ्या बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना समतोल लोंबणारी गोण असे. बाजूच्या पेटीला आणि पिशवीला इंग्रजीत 'पॅनिअर' म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधील पावाच्या टोपलीच्या नावात आहे. ज्या लॅटिन 'पानिस'पासून तो शब्द आला, त्याच शब्दापासून पोर्तुगीज 'पाँव' आणि त्यावरून आपला पाव आला. सायकलवर टोपली बांधून सकाळी भोंगा वाजवीत येणारा गोव्याचा पोदेर हा त्या अर्थाने खरा पॅनिअरवाला!

पिशवी हलकी असते, पडल्यावर दबते आणि पायाला इजा कमी करते. फाटली तर सुई-दोऱ्याने शिवता येते. दोष असे : कुलूप लागत नाही, घासून झिजते, आणि सायलेन्सरला टेकली तर वितळते. वर सांगितलेल्या दोन्ही गाड्यांचे सायलेन्सर उजव्या बाजूला वर उचललेले आहेत. म्हणून उजवी पिशवी उष्णतारोधक पत्र्यापासून दूर राहील, आणि गचका बसून खाली दबली तरी टेकणार नाही, हे पाहावे.

गोव्याचा पाऊस 'जलरोधक' या चिठ्ठीला भीत नाही. ज्या पिशवीचे तोंड गुंडाळून बकलने बंद होते, तीच घ्यावी. चेनची पिशवी शिवणीतून झिरपते. तरीही वह्या आणि कपडे आत वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. उन्हाळ्यात शिरगावकडची लाल धूळही याच वाटेने शिरते.

बांधणी

हूक असलेल्या रबरी दोऱ्या टाळाव्यात. त्या ताणतात, सामान हलू देतात, आणि सुटलेला हूक डोळ्याला लागू शकतो. बकलचे सपाट पट्टे वापरावेत आणि त्यांची मोकळी टोके गुंडाळून बांधावीत, कारण लोंबता पट्टा साखळीत अडकला तर चाक जागीच थांबते. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे. पाना, पंक्चरचे साहित्य असे जड सामान तळाशी आणि पुढे, तर कपडे वर आणि मागे. भार वाढल्यावर टायरमधील हवा, मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा ताण आणि साखळीचा सैलपणा पुस्तिकेप्रमाणे पुन्हा पाहावा. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे एकदा आवळावेत.

मग काय घ्यावे?

वाटेतला सर्वांत वाईट भाग कोणता, हे स्वतःला विचारावे आणि त्या भागासाठी सामान निवडावे. सारा रस्ता डांबरी असेल आणि एकटेच असाल, तर पेटी खुशाल घ्यावी. थोडीही कच्ची वाट, खडी किंवा चिखल असेल, तर पिशवी बरी. मागे माणूस असेल, तर सामान निम्मे करावे. आणि दगड न्यायचे असतील, तर एस. टी. किंवा टेम्पो आहेच.

तो विद्यार्थी आता बरा आहे आणि मोटारसायकलही चालवतो. पुढच्या सहलीला आमचे नमुने टेम्पोतून आले. मोटारसायकलवर दोन छोट्या पिशव्या होत्या, आसाच्या पुढे आणि खाली बांधलेल्या. डिचोलीत थांबून मी त्या मासळीविक्रेत्यांची चौकशी केली, पण ते भेटले नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.