निर्धूर चूल

आपल्या उपनगरांत घरोघर गॅस आला. तरी बोरिवलीच्या जंगलांतील पाड्यांवर सरपणाची चूल अद्याप पेटते. त्या चुलीचें शास्त्र आपण थोडक्यांत पाहूं.

धूर म्हणजे अर्धवट जळलेलें सरपणच होय. तो माउलीच्या डोळ्यांस व फुप्फुसांस अपाय करितो, आणि तिनें डोईवरून आणलेली मोळीहि व्यर्थ दवडितो. तीन दगडांच्या उघड्या चुलींत उष्णतेचा बहुधा दहा ते पंधरा टक्के भागच भांड्यास लागतो.

उपाय साधे आहेत. लांकडांखालीं जाळी बसविली म्हणजे हवा खालून मिळते व जाळ स्वच्छ होतो. भांड्याभोंवतालची फट अरुंद ठेविली म्हणजे तप्त वायु भांड्यास घासून जातात. वैलावर दुसरें भांडें ठेवल्यास उरलेली उष्णता कामीं येते. आणि राहिलेला धूर धुराड्यांतून बाहेर जातो.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ पासून २००२ पर्यंत चालला. पुण्यास डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनेंहि अशा चुली तयार केल्या व ग्रामीण कारागिरांस त्या बनविण्यास शिकविलें. परंतु कार्यक्रमांतील पुष्कळ चुली पुढें बंद पडल्या. कोठें धुराडें काजळीनें भरलें, कोठें फुटकी चूल दुरुस्त करणारा मिळाला नाहीं, तर कोठें ती घरच्या स्वयंपाकास सोयीची ठरली नाहीं.

यावरून आम्हांस एकच बोध घ्यावासा वाटतो. जी चूल गरिबाच्या मिळकतींत बसत नाहीं व जिच्यापुढें भाकरी फुगत नाहीं, ती शास्त्रशुद्ध असूनहि निरुपयोगीच. म्हणून चूल घडविणाऱ्यानें प्रथम चुलीपुढें बसणारीस विचारावें.