बोगमाळो येथील विमान-संग्रहालय

माळशिरसकडील जीं कुटुंबें गोमांतकाच्या सहलीस जातात, तीं जुन्या गोव्यांतील ख्रिस्तमंदिरें, मंगेशीचें देऊळ व समुद्र पाहून परततात. वास्कोजवळ, दाबोळी विमानतळापासून थोड्याच अंतरावर, बोगमाळो येथें आपल्या नौदलाचें विमान-संग्रहालय आहे. तिकडे मात्र फार थोडे वळतात. हें संग्रहालय १९९८ सालीं उघडण्यांत आलें. जुनीं विमानें तेथें आवारांत उघड्यावरच उभीं आहेत. विमानें पाहणें म्हणजे त्यांचीं नांवें वहींत टिपून घेणें, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. आमच्या मतें प्रत्येक विमानापुढें उभें राहून एकच प्रश्न विचारावा : याचा आकार असाच कां ?

'सी हॉक' या लढाऊ विमानापासून आरंभ करूं. याच्या पंखांस मध्येंच बिजागऱ्या आहेत. पंख पसरले म्हणजे रुंदी ३९ फूट भरते. ते वर दुमडले कीं विमान बसलेल्या पक्ष्यासारखें आटोपशीर होतें. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या पोटांत त्याचें बिऱ्हाड असे, आणि नौकेवर हातभर जागाही मोलाची. मग शेपटीखालीं पाहावें. तेथें एक आंकडा आहे. नौकेच्या पृष्ठावर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असत; उतरतांना आंकडा त्यांपैकीं एकींत अडके, व उधळलेला बैल कासऱ्यानें आवरावा तसें विमान थोडक्या अंतरांत थांबे. उड्डाणाच्या वेळीं वाफेच्या जोरानें त्यास पुढें फेंकीत, आणि नौकाही वाऱ्याच्या सन्मुख वेगानें हांकीत. पतंग चढवितांना मुलगा वाऱ्याकडे तोंड करून धांवतो, त्यांतलेंच हें तत्त्व. पंखांवरून जितका वारा वेगानें वाहील, तितकी उचल अधिक.

हें तत्त्व १९७१ च्या युद्धांत कसोटीस लागलें. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते. तिला पूर्ण वेग घेतां येईना, म्हणून विमानांस पुरेसा वारा मिळण्याची पंचाईत. तरीही ४ डिसेंबर रोजीं सी हॉक विमानें तिच्यावरून उडालीं व त्यांनीं कॉक्स बाजार आणि चितगांव येथें हल्ले केले. त्यांच्या जोडीस 'अलिझे' हीं फ्रेंच बनावटीचीं विमानें होतीं. पोटांतून रडारचा घुमट खालीं सोडून तीं पाणबुड्यांचा शोध घेत. त्या युद्धांत एक अलिझे आपल्या तिघां स्वारांसह परत आलें नाहीं. बोगमाळो येथील अलिझेपाशीं हें मुलांस अवश्य सांगावें. युद्धाची यंत्रें नुसत्या कौतुकानें पाहूं नयेत.

आणि विक्रांत ? १९६१ सालीं ती आपल्या नौदलांत दाखल झाली, १९९७ सालीं निवृत्त झाली. पुढें मुंबईस कांहीं वर्षें तिचेंच संग्रहालय केलें होतें. तें २०१२ सालीं बंद पडलें, आणि २०१४ सालीं नौका मोडीस निघाली. तिच्या पोलादाचा कांहीं अंश एका मोटारसायकलीच्या घडणींत गेला. तरवारींचे फाळ होतील असें यशया संदेष्ट्यानें सांगितलें आहे. आमच्या काळांत युद्धनौकेची फटफटी झाली! त्या नौकेवरील जीवन ज्यांवरून ताडावें, अशा वस्तूंत आतां मुख्यतः हे आंकडे व या बिजागऱ्याच उरल्या आहेत.

'सीलँड' हें छोटें विमान नौदलास १९५३ सालीं मिळालें. नौदलाच्या वैमानिकशाखेचा आरंभ त्यापासूनच. त्याचें पोट होडीसारखें असून त्यास चाकेंही आहेत. आपल्या उजनीच्या जलाशयावर तें सहज उतरलें असतें. याउलट 'सुपर कॉन्स्टेलेशन' हें भलें थोरलें. आरंभीं एअर इंडियाचे उतारू, नंतर वायुदल, आणि १९७६ पासून नौदलाची समुद्रावरील टेहळणी, अशा तिन्ही चाकऱ्या त्यानें केल्या. त्याचीं चार इंजिनें, प्रत्येकांत अठरा सिलिंडर; गुणाकार मुलांनींच करावा. शेपटीस एकाऐवजीं तीन सुकाणूं आहेत, कारण एकच उंच सुकाणूं केलें असतें तर विमान तत्कालीन विमानघरांच्या दारांत मावलें नसतें.

समुद्र जवळ असल्यामुळें खारें वारें या विमानांस अहोरात्र लागतें. रंगाचा पोपडा जेथें सुटतो, तेथें ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि पत्रा हळूहळू खाल्ला जातो. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचें आयुष्य कितीही डागडुजी केली तरी मोजकेंच. गोव्याचा बेत ठरवितांना पालकांनीं बोगमाळोसाठीं सकाळचे दोन तास राखून ठेवावेत; दुपारीं पत्रा फार तापतो.