हिरडा : बाळ, चांभारी आणि सुरवारी

आपल्या उसाला ज्या डिंभे आणि माणिकडोह धरणांचे पाणी मिळते, त्यांच्याही वर, आहुपे-घाटघरच्या बाजूला हिरड्याची झाडे आहेत. तिकडच्या महादेव कोळी बांधवांच्या घरात उन्हाळ्यात जो रोख पैसा येतो, तो बराचसा याच झाडाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावातली पुष्कळ झाडे मोडली, तेव्हा कित्येकांची वर्षाची बेगमीच गेली.

झाड एकच, पण माल कधी काढला यावर त्याचे नाव ठरते. आठळी धरण्यापूर्वी काढून उन्हात वाळवला की आक्रसून काळा पडतो, तो बाळहिरडा. अर्धवट वाढलेला तो चांभारी. कातडे कमावायला हाच लागे, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून विलायतेला जाई. तुरटपणा असतो तो सगळा गरात, आठळीत नव्हे. हिराकसाबरोबर उकळला की काळीभोर शाई होते. झाडावर पुरता पिकला तो सुरवारी.

औषधाला म्हणाल तर बेहडा आणि आवळ्याच्या जोडीने त्रिफळा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. रात्री कोमट पाण्याबरोबर चिमूटभर चूर्ण घेतले की सकाळी पोट साफ. वैद्य ऋतूप्रमाणे जोड सांगतात : पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. (सहातले दोन ऋतू आपल्याच उसाचे!) अति झाले तर जुलाब होतात. गरोदर बाईने घेऊ नये. बाळगुटीत सहाणेवर एक वेढा देण्याची रीत जुनी असली, तरी सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच देऊ नये, असेच आज डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावे.

आता खरी अडचण. पिकल्या हिरड्यापेक्षा बाळहिरड्याला भाव जास्त, म्हणून झाड पार ओरबाडले जाते. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. इथे आठळीच धरू दिली नाही तर नवे रोप यायचे कुठून? म्हणून दर झाडाच्या एक-दोन फांद्या पिकायला राखाव्यात, आणि फळासाठी फांदी तोडू नये. हिवाळ्याच्या अखेरीस खाली पडलेली पक्की फळे वेचून, गर काढून, आठळ्या दोन दिवस पाण्यात भिजवाव्यात आणि पिशवीत लावाव्यात. उगवण सावकाश आणि कमी होते, तेव्हा हवी असतील त्याच्या दुप्पट-तिप्पट पिशव्या भराव्यात.